वजनकाट्यावर सडपातळ, रक्तात भलतंच! (डॉ. याज्ञिकांचं संशोधन आणि आमच्या घरचा शिवणाचा टेप)

पाटावरची_शेवई:

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या ऑफिसात दरवर्षी तपासणी होते. वय ३८, उंची १७० सेंमी, वजन ६४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २२ च्या आसपास. सासूबाईंच्या भाषेत 'सुकडा'. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्याच्या ताटात तूप वाढताना त्या अजूनही माझ्याकडे असं बघतात, जणू मीच त्याला उपाशी ठेवलंय. आणि या सुकड्याचा रिपोर्ट काय आला? उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३६, दोन्ही जास्त; आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, म्हणजे कमी. मी दोनदा नाव तपासलं. म्हटलं, शेजारच्या टेबलावरच्या कुणा जाड्याचा रिपोर्ट चुकून आला असेल.

कंपनीच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांनी तर "वजन कमी करा" असं छापील वाक्य लिहून दिलं. कुठून कमी करायचं? हाडांतून?

मग आठवलं, की पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं नेमकं हेच सांगताहेत. त्यांचा एक फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी दशांशापर्यंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांचं इंग्रजी आद्याक्षर एकच, त्यावरून या प्रकाराला 'वाय-वाय विरोधाभास' असं नाव पडलं. स्वतःचीच चरबी जगासमोर मांडणारा शास्त्रज्ञ मला तरी दुसरा माहीत नाही.

हे वाचून उठले आणि शिलाई मशीनच्या डब्यातून टेप काढला. नवरा म्हणाला, "कशाला मोजतेस, बत्तीसची पँट आहे माझी." बरोबर आहे, पण बत्तीसची पँट बसते कुठे? बेंबीच्या चार बोटं खाली. वरचा नगारा शर्टाच्या आत. टेप बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध धरला, श्वास सोडायला लावला (आत ओढून धरला होता, चोर!), तर ९४ सेंमी. भारतीय पुरुषांसाठी मर्यादा ९० ची. हातपाय काडीसारखे आणि मधे हे.

तर प्रश्न असा: बारीक माणसाच्या अंगात ही चरबी येते कुठून? आणि याज्ञिक म्हणतात तसं याचं मूळ खरंच आईच्या पोटात असतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अर्धवट डॉक्टर, तुम्हालाच हाक मारतेय.

निळूमास्तर:

छान धागा, शेवईताई. पण त्या फोटोत एक गोम आहे. युडकिनसाहेब मॅरेथॉन पळणारे. आणि याज्ञिकांनी स्वतःबद्दल त्याच लेखात गमतीने लिहिलंय, की त्यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती गाठणं. मग चरबीत फरक पडणार नाही तर काय! यात गोरा-काळा, पुणे-लंडन कशाला आणायचं? पळणारा आणि न पळणारा एवढाच मामला. तुमच्या ह्यांनाही जिना चढायला लावा.

(मी गणिताचा मास्तर. दोन माणसांवरून सिद्धांत मांडला की माझ्या हातात आपोआप लाल पेन येतं.)

चिंचगूळ:

वाचतेय. 'श्वास सोडायला लावला' याला दहापैकी दहा. आत्ताच आमच्याकडे हाच प्रयोग झाला, ९७. जेवणाच्या टेबलावर शांतता आहे.

अर्धवट_डॉक्टर:

हाक ऐकली. (नवीन सभासदांसाठी: एमडी पूर्ण आहे, अर्धवट माझा स्वभाव. साताऱ्याकडे दवाखाना चालवतो.)

मास्तर, लाल पेन योग्य जागी चाललं. दोन माणसांचा फोटो हा पुरावा नाहीच. बीएमआय नावाचा आकडा चरबी मोजत नाही, हे डोळ्यांना दिसावं म्हणून ते चित्र. पण पळण्याने सगळा उलगडा होत नाही, हे याज्ञिकांच्या गटाने ज्यांच्यावर दाखवलं त्यांनी आयुष्यात एक पाऊलही टाकलं नव्हतं: नुकतीच जन्मलेली बाळं.

१९९३ मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यातली सहा गावं घेतली. शहरापासून साधारण ५० किलोमीटर. पद्धत बघा: गरोदर बाई दवाखान्यात आली की मोजायची, असं नाही. लग्न झालेल्या बायकांची उंची-वजनं दिवस जायच्या आधीपासून मोजत राहायचं. पाळी चुकली की सोनोग्राफी. आठव्या आठवड्यापासून नाही, त्याही आधीपासूनची नोंद! नऊ महिने ती काय खाते, किती राबते, रक्तात काय आहे, सगळं टिपायचं. बाळ झालं की ७२ तासांच्या आत त्याचं वजन, लांबी, डोकं, दंड, पोट, आणि कातडीच्या चिमटीची जाडी. ती चिमटी मोजायला एक स्प्रिंगचा चिमटा असतो. खांद्याच्या पात्याखालची कातडी हलकेच उचलून त्यात धरायची.

पुण्याकडच्या या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. ८०० ग्रॅमचा फरक. आता कुणीही म्हणेल, लहान बाळात सगळंच लहान. तसं निघालं नाही. पोटाचा घेर आणि दंड, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू, खूपच मागे. डोकं त्यापेक्षा बरं. आणि पाठीवरची ती चिमटी जवळजवळ गोऱ्या बाळांच्या बरोबरीला. म्हणजे काटकसर स्नायूंत झाली, यकृतात झाली, पण चरबीला हात लागला नाही. पुढे नाळेतल्या रक्तात इन्सुलिन आणि लेप्टिन (चरबीतून निघणारं संप्रेरक) तपासलं तेव्हा तेही बाळाच्या आकाराच्या मानाने जास्त. 'बारीक पण चरबीदार' बाळ म्हणतात ते हे.

शेवईताई, बारीक माणसात चरबी येते कुठून याचं उत्तर आजीच्या घरातल्या कणगीवरून देतो. कातडीखालची चरबी म्हणजे कणगी. धान्य तिथे राहिलं तर कुणाला त्रास नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांची ही कणगी लहान. भरली की पोती माजघरात येतात, मग देवघरात. इथे माजघर म्हणजे पोटातल्या अवयवांभोवतीची जागा आणि देवघर म्हणजे यकृत. यकृतात चरबी साठली की ते इन्सुलिनला जुमानत नाही, साखर सोडतच राहतं, आणि जोडीला ट्रायग्लिसराइड भरभरून रक्तात ढकलतं. त्याच हिशेबात एचडीएल खाली येतं. तुमच्या ह्यांच्या रिपोर्टात तिन्ही गोष्टी एका ओळीत उभ्या आहेत. वर जेवणानंतरची साखर मुख्यतः खातात ते स्नायू, आणि तेच कमी. साखर जाणार कुठे?

कोकणकडा_९:

म्हणजे शेवटी जीन्स म्हणा की. आपली जातकुळीच तशी. उगाच आईच्या पोटापर्यंत कशाला जायचं?

अर्धवट_डॉक्टर:

@कोकणकडा: जीन्सचा वाटा आहेच, नाही कोण म्हणतंय. पण नुसते जीन्स असते तर आईने काय खाल्लं यावर बाळाचा आकार हलला नसता. तो हलतो. त्यावर रात्री लिहितो, ओपीडी उघडायचीय.

घोडनदी:

हा धागा वाचून राहवलं नाही. मी शिरूर तालुक्यातला. माझा जन्म त्या अभ्यासाच्या कितीतरी आधीचा, त्यामुळे मी कुणाच्या वहीत नाही. पण 'केईएमची माणसं' हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. वढूला बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात केईएमचं ग्रामीण काम उभं केलं. त्यांच्याच विश्वासावर पुढच्यांना आमच्याकडच्या घरांत पाय ठेवता आला असणार, असा माझा अंदाज. नाहीतर परक्या माणसाने येऊन सुनेची पाळी कधी चुकली ते विचारायचं, आणि सासूने ते सांगायचं, हे सोपं वाटतं का तुम्हाला?

डॉक्टरांनी 'किती राबते तेही टिपायचं' असं एका ओळीत लिहिलं. ती ओळ मी जरा उलगडतो.

आमची विहीर घरापासून अर्धा मैल. आई डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी अशी यायची. धाकट्या बहिणीच्या वेळी आठवा महिना असताना ती बाजरी खुडत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला कणसं गोळा करायला बरोबर नेलं होतं. दुपारी बांधावर भाकरी, ठेचा, कांदा. कधी कालची आमटी. रात्री सगळ्यांची जेवणं झाली की ती चुलीपुढेच बसायची. टोपल्यात काय उरलंय ते आधी हाताने चाचपायची, मग ताट घ्यायची.

आणि आता जे सांगणार आहे त्याचा विचार मी या धाग्यामुळे पहिल्यांदा केला. घरात दोन म्हशी होत्या. दूध भरपूर. पण पहाटे किटली घेऊन मीच डेअरीवर जायचो. घट्ट दूध, चांगली फॅट लागायची, डेअरीवाला खूश. घरात राहायचं चहापुरतं, आणि त्यातलंही आधी मला नि आजोबांना. आईला दूध पिताना पाहिल्याचं आठवतच नाही. विचारलं तर म्हणायची, "मला वास येतो." सत्तरी ओलांडली तिने. आता रोज रात्री कपभर घेते. वास कुठे गेला कुणास ठाऊक.

चिंचगूळ:

@घोडनदी, "मला वास येतो" हे माझी आजी आंब्याबद्दल म्हणायची. पेटी संपली की वास जायचा. बाकी काही लिहवत नाही.

उंबरठा:

घोडनदींचा प्रतिसाद वाचून थांबले होते, पण लिहितेच. मला या सगळ्या संशोधनाची एक भीती वाटते. मुलाला साखर झाली, कारण आई. मुलाचं हृदय बिघडलं, कारण आई. आधी पोर काळं झालं तरी बाईच्या खाण्याला नावं ठेवायचे, आता त्याला शास्त्राचा शिक्का मिळाला. सासवांच्या हातात हे कोलीत देऊ नका. आणि बाप कुठेय यात?

अर्धवट_डॉक्टर:

उंबरठा, मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच पुढचं नीट सांगतो. या कामातून आईवर बोट ठेवलं जात नाही. बोट येतं ते ताट वाढण्याच्या क्रमावर. (आणि बापाचा आकारही या अभ्यासात मोजलाय, बाळाच्या वजनाशी त्याचाही संबंध लागतो.)

त्या गावांतल्या बायका गरोदरपणी दिवसाला सरासरी १८०० च्या आसपास कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खात होत्या. कमीच. सगळ्यांना वाटलं, जी जास्त कॅलरी खाते तिचं बाळ मोठं. तसा संबंध लागला नाही! संबंध लागला तो तीन गोष्टींशी: हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध. हे ज्यांच्या खाण्यात जास्त वेळा त्यांची बाळं मोठी, आणि आधीच हडकुळ्या बायकांत हा फरक जास्त ठळक. उलट जिचं अंगमेहनतीचं काम जास्त, तिचं बाळ लहान. घोडनदींच्या आईचा हंडा आणि डेअरीची किटली, दोन्ही या निष्कर्षांत आहेत बघा.

मग रक्तातली जीवनसत्त्वं तपासली. साधारण तीनपैकी दोन बायकांत बी-१२ कमी. आपण शाकाहारी नसलो तरी मटण सणावारीच, आणि दूध डेअरीला. बी-१२ प्राणिज पदार्थांतूनच मिळतं, भाजीपाल्यात ते नाही. फॉलिक ॲसिड मात्र बहुतेकींत पुरेसं, काहींत तर भरपूर. पालेभाजी असते आणि सरकारी गोळ्याही असतात.

इथे खरी मेख आहे. फॉलेट (म्हणजे हेच फॉलिक ॲसिड) आणि बी-१२ ही जोडीने ओढायची बैलं. पेशीत होमोसिस्टीन नावाचा पदार्थ तयार होतो. त्याचं मेथिओनिन करायला दोन्ही लागतात. एक बैल बसला की गाडा अडतो, होमोसिस्टीन साचतं, आणि डीएनएवर जी रासायनिक खूण लागते (कुठला जीन चालू, कुठला बंद) तिला लागणारा कच्चा माल कमी पडतो. पोटातल्या बाळाच्या अवयवांची आखणी चालू असते ती याच काळात. मुलं सहा वर्षांची झाल्यावर परत बोलावून तपासलं. ज्यांच्या आईचं फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. हे २००८ साली प्रसिद्ध झालं.

हात जोडून विनंती: हे वाचून कुणी गरोदरपणी फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नका. ती बाळाच्या मणक्यासाठी लागतेच. मुद्दा दुसरा बैल उठवण्याचा आहे.

आणि उंबरठा, तुमच्यासाठी: गरोदरपणात सुरू केलं तर उशीर होतो, हे पुढे मुंबईत दिसलं. २००६ पासून तिथल्या वस्त्यांमधल्या बायकांना रोज एक खाऊ दिला, समोशासारखा, आत पालेभाजी, फळं, दूध. दुसऱ्या गटाला तसाच खाऊ, पण आत बटाटा-कांदा. एकूण सगळ्यांचा हिशेब केला तर बाळाच्या वजनात फरक नाही. पण ज्यांनी दिवस जायच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांच्यात वजन थोडं वाढलं, ५० ग्रॅमच्या आत. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पण गरोदरपणातला मधुमेह बटाट्याच्या गटात १२.४ टक्के आणि पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के. एका खाऊवर! सुरुवात दिवस जायच्या आधीच हवी, याच विचाराने याज्ञिकांच्या गटाने २०१२ मध्ये त्याच गावांतल्या, त्याच अभ्यासात जन्मलेल्या किशोरवयीन मुला-मुलींना बी-१२ द्यायला घेतलं. रोज फक्त २ मायक्रोग्रॅम. मुलग्यांनाही. बाप इथे आला, उंबरठा.

मडगावकार:

आमच्या गोंयकारांचं काय मग? आमच्याकडे रोज नुस्तें (मासे), बी-१२ ला तोटा नाही. तरीही २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीत मधुमेहात गोवा पहिला, २६.४ टक्के! देशाची सरासरी ११.४. आमचा हॉटेलवाला मित्र म्हणतो, पहिला नंबर तरी आला.

अर्धवट_डॉक्टर:

@मडगावकार: बी-१२ हीच एक किल्ली असं कुणीच म्हणत नाही. गोव्यात माणसं जास्त वर्षं जगतात, हातात पैसा आहे, उकड्या तांदळाच्या शीतकडीनंतरची वामकुक्षी आहे. पाया गर्भात पडतो, इमला पुढे चढतो.

लेस्टरची_सून:

इथलं सांगते. गेल्या वर्षी आमच्या जीपीच्या (इथला फॅमिली डॉक्टर) दवाखान्यात नर्सने वजन केलं, बीएमआय २४ आला. मी खूश. ती म्हणाली, तुमच्या वंशाच्या लोकांसाठी आम्ही धोक्याची रेघ २३ ला आखतो. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई लोकांसाठी २३ ला धोका वाढलेला आणि २७.५ ला जास्त, असं २०१३ पासून आहे. लेस्टरमधली निम्मी वेटिंग रूम गुजराती-पंजाबी. एकाच भिंतीवर दोन तक्ते!

आणि या गोष्टीचं दुसरं टोक इथलं आहे, म्हणून लिहायचा मोह आवरत नाही. साउथॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर. इंग्लंडमध्ये जिथे शंभर वर्षांपूर्वी तान्ही मुलं जास्त दगावायची, त्याच गरीब भागांत नंतर हृदयविकाराचे मृत्यू जास्त, हे त्यांच्या लक्षात आलं. एरवी उलटं वाटावं, हृदयविकार म्हणजे खाऊन-पिऊन सुखी माणसाचा रोग. मग जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी १९११ पासून सुइणींना आणि परिचारिकांना शिस्त लावली होती: प्रत्येक बाळाचं जन्मवजन वहीत, वर्षाचं झालं की परत घरी जाऊन वजन, तेही वहीत. सायकलवरून फिरून! त्या वह्या सापडल्या. बार्कर यांनी त्यातले पाच हजारांवर पुरुष पुढे कशाने गेले ते शोधलं. वर्षाच्या वयाला ज्यांचं वजन सगळ्यात कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू सगळ्यात जास्त. १९८९ चा लेख. नव्वदच्या दशकात बार्कर आणि त्यांच्या सहकारी कॅरोलिन फॉल पुण्याशी जोडले गेले आणि पुढचं डॉक्टरांनी सांगितलंच.

मला त्या बर्नसाइडबाईंचंच फार वाटतं. आपल्या वहीने पुढे काय उजेड पडणार आहे हे तिला कुठे ठाऊक होतं? ती आपली वजनं लिहीत राहिली.

निळूमास्तर:

लेस्टरच्या वहिनी, लाल पेन खाली ठेवलं. पण मग माझा खरा प्रश्न. सगळं पोटातच ठरलं असेल तर आता ५८ व्या वर्षी मी टेकडी कशाला चढू? प्राक्तन म्हणून मिसळ खाऊ का?

अर्धवट_डॉक्टर:

खा, पण टेकडी चढून खा.

मास्तर, हे प्राक्तन नाही. उलटा पुरावा नागपूरकडून घ्या. इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास झाला. त्यातला दक्षिण आशियाचा भाग २००७ साली छापून आला, त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. पहिला हार्ट अटॅक आपल्याकडे सरासरी ५३ व्या वर्षी, इतरत्र जवळजवळ ५९ व्या. सहा वर्षं आधी! पण का, हे शोधलं तर तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, बिघडलेली चरबी, पोटाचा घेर, फळं-भाज्या कमी, व्यायाम नाही, असेच नेहमीचे यशस्वी कलाकार. आपल्याकडे ते तरुणपणीच येऊन बसतात, एवढाच फरक. म्हणजे हलवता येण्याजोगे आहेत.

तरी एक आकडा मला झोपू देत नाही. त्या सहा गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा ६१९ जणांची साखर तपासली. मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांचं साखरेचं गणित बिघडलेलं (बहुतेक मधुमेहाच्या उंबरठ्यावर, मधुमेही थोडे). आणि त्याच गटातली ४८ टक्के पोरं कमी वजनाची! बीएमआय १८.५ च्या खाली. माझ्या ओपीडीत असा काडीपैलवान पोरगा आला तर कालपर्यंत मी त्याची साखर बघत नव्हतो. टॉनिक लिहून देत होतो. आता बघतो.

शेवईताई, तुमच्या ह्यांना 'वजन कमी करा' हा सल्ला खरंच कुचकामी. त्यांनी घेर कमी करायचा आणि स्नायू वाढवायचे. जेवणानंतर चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं (किराण्याच्या पिशव्यासुद्धा चालतील), भाताचा डोंगर अर्धा करून उसळीचा दुप्पट. तीन महिन्यांनी रक्त परत तपासा. तुपावर मी सासूबाईंशी वाद घालणार नाही, मलाही दवाखाना चालवायचाय.

कोकणकडा_९:

बी-१२ ची दहा इंजेक्शनं आणि 'संपूर्ण शरीर तपासणी पॅकेज' माझ्या गळ्यात मारलं होतं एका ठिकाणी. पातळी आधी तपासली पण नव्हती. हे पण लिहून ठेवतो इथे. बाकी जीन्सवाला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच.

पाटावरची_शेवई:

सगळ्यांचे आभार! तीन महिने झाले म्हणून धागा वर काढतेय.

वजन ६४ चं ६३.५. ऑफिसातले म्हणतात काही फरक नाही. टेप म्हणतो ८९. ट्रायग्लिसराइड १५८, साखर १०१. एचडीएल ढिम्म हललं नाही. टेप आता मशीनच्या डब्यात नसतो, देवघराच्या खुंटीला असतो. सासूबाईंनीच तिथे लावला, कारण त्यांचाही घेर मोजला गेला आणि आता दोघांत स्पर्धा आहे.

दुसरं म्हणजे नणंदेची मुलगी, वय सतरा, वेणी उचलताना हात दुखतात म्हणायची. बी-१२ तपासलं, फारच कमी निघालं. पूर्ण शाकाहारी घर, आणि हिला दूध आवडत नाही. "आवडत नाही" म्हटल्यावर मला घोडनदींच्या आई आठवल्या. खोदून विचारलं. घरात रोज एक लिटर येतं. आजोबांचं, भावाचं, सगळ्यांच्या चहाचं, विरजणाचं झालं की उरतंच कुठे! आता दीड लिटर येतं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे.

घोडनदी:

वा, शेवईताई! ८९ बद्दल अभिनंदन.

मी पण एक केलं. लेस्टरच्या वहिनींनी त्या वहीबद्दल लिहिल्यापासून डोक्यात किडा होता. मागच्या रविवारी गावी गेलो तेव्हा आईला विचारलं, जन्मलो तेव्हा माझं वजन किती होतं? ती शेंगा फोडत बसली होती. हसली. म्हणाली, "वजन कोण करतंय रे? सुईण काय तराजू घेऊन आली होती? सुपात ठेवला होता तुला."

म्हटलं, बरं, मग सुपात केवढा होतो?

तिने शेजारचं सूप ओढलं, शेंगा एका बाजूला सारल्या आणि हाताने माप दाखवलं. डोकं इथे, पाय इथे. सुपाच्या कडेला चार बोटं जागा उरत होती.